मोडणार नाही अशी कोरी

गळाची काठी बनवायची तर आधी कोरी निवडावी लागते. कोरी म्हणजे नुसती नळी. बुंध्याशी अंगठ्याएवढी जाड, शेंड्याला काडीएवढी. तिच्यावर गळाची दोरी, म्हणजे तंगूस, ओवायच्या कड्या नाहीत, मूठ नाही, रीळ बसवायची जागा नाही. बाहेरचे लोक तिला ब्लँक म्हणतात, आमच्या दुकानात पहिल्यापासून कोरीच म्हणतात. कोरी वाईट निघाली तर वर सोन्याच्या कड्या बांधा, काठी वाईटच होणार, असं माझा भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो. एखादा बिचारा दोन गळ घ्यायला आलेला असतो, आणि दादा त्याला खुर्चीत बसवून प्रवचन झोडतो. मी आतल्या टेबलाशी बसून ते इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

पहिल्यांदा कोरी दिव्यासमोर धरायची आणि एक डोळा मिटून नळीतून बघायचं. नळीची भिंत सगळीकडे सारखी हवी. मग उतार बघायचा, म्हणजे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत ती कशी बारीक होत जाते ते. मग बुंधा टेबलावर टेकवायचा, शेंडा तळहातावर घ्यायचा, मधोमध दाबून कोरी हळूहळू फिरवायची. फिरता फिरता ती एका जागी टुणकन उडी मारते आणि थांबते. तिथे तिचा कणा. कड्या त्या रेषेवर बांधायच्या, नाहीतर मोठा मासा लागला की काठी हातातल्या हातात पिळते. कणा सापडला की दादा ‘बसली’ म्हणतो, तान्हं मूल झोपल्यावर बायका म्हणतात तसं हळू आवाजात.

आणि सगळ्यात शेवटी तो सांगतो: मोडली तर दोन्ही तुकडे घेऊन या. एक नको, दोन्ही. तुकड्यांचं तोंड बघून दादा सांगतो की काठी माशाने मोडली, गाडीच्या दारात सापडली, की मुळातच कोरीत खोट होती. खोट कोरीची असेल तर नवी फुकट. माणूस खोटं बोलत असेल तर तुकड्यांवरून त्याला पकडण्यात दादाला जी मजा येते ती मासे पकडण्यातही येत नाही.

मी त्याची धाकटी बहीण. कड्या काठीवर ठेवून त्यांच्या पायांवर दोरा गुंडाळायचं काम माझं. एक वेटोळं दुसऱ्याला खेटून, मध्ये केसाएवढीही फट नको. काम करताना कुणी बोललेलं मला खपत नाही, आणि काम नसताना माझ्याशी बोलायची कुणाची छाती होत नाही. माझं लग्न झालं नाही. ‘एका निरपराध माणसाचा जीव वाचला,’ असं दादा गिऱ्हाइकांना सांगतो. सांगू दे. वहिनी गेली तेव्हा त्याची पोर दुधाच्या बाटलीवर होती. ती मी वाढवली. त्यामुळे त्याचे विनोद मी त्याला माफ करते.

पोरीला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण दोरा गुंडाळायच्या चाकाशी बसून ती ते दिवसभर फिरवत राहायची. जरा मोठी झाल्यावर तिने एकदा बापासारखा डोळा मिटून नळीतून पाहिलं आणि म्हणाली, ‘बाबा, ही एका अंगाला पातळ आहे.’ दादाने खात्री करायला ती कोरी कापली. खरंच पातळ होती. त्या कापलेल्या चकत्या कितीतरी दिवस त्याच्या खिशात होत्या, आणि जो भेटेल त्याला काढून दाखवायचा.

मग जावईबापू आले. म्हणजे आधी गिऱ्हाईक म्हणून आले. शहराच्या पाण्याच्या पंपावर सुपरवायझर. इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू, दुकानात शिरताना पायपुसण्याला नीट पाय पुसणार. दादाचं प्रवचन शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो पहिलाच माणूस. मध्ये दोन प्रश्नही विचारले. दादा तिथेच विरघळला. वर्षभरात पोर दिली. आणि लग्नानंतर जावयाने ‘मला एक कोरी द्या, काठी मी स्वतः बनवीन’ म्हटल्यावर दादाला जो आनंद झाला, तो मुलगी देतानाही झाला नव्हता. चांगली लांब, कार्बनची कोरी त्याने निवडून दिली. ती काठी पूर्ण झाल्याचं पुढे कुणी काही बोललं नाही. दादा दोनतीनदा विचारणार होता, पण जावयाला घाई लावल्यासारखं होईल म्हणून गप्प बसला.

भिंगरीचं येणं कमी होत गेलं. आली तरी घड्याळाकडे बघत बसायची. चहा अर्धा टाकून उठायची. गेल्या महिन्यात आली होती तेव्हा माझ्या हातून दोऱ्याचं रीळ पडलं आणि टेबलाखाली गेलं. ती उचलायला वाकली. तिच्या कपड्याचा गळा मागून सरकला, आणि मानेखालून खांद्याकडे जाणाऱ्या दोन लाल रेषा मला दिसल्या. दोन रेषा, मधली कातडी पांढरी. मानेजवळ रेषा जवळजवळ होत्या, खांद्याकडे जाताना एकमेकींपासून लांब झाल्या होत्या.

‘हे काय?’

‘जिन्यात पडले, आत्या. कठड्यावर.’

‘कठड्यावर कुणी पाठीने पडतं का?’

‘मी पडले,’ ती म्हणाली, आणि रीळ माझ्या हातात देऊन चपला घालायला लागली.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की पोरीला त्या घरातून आणायची. मी तिला सरळ म्हटलं, ये इकडे, तुझी खोली आहे तशी आहे. ती म्हणाली, ‘बाबांना काय सांगू? त्यांचा जावई किती आवडता आहे ते तुला माहीत नाही का?’ माझं बोलावणं तिला पुरत नव्हतं. बापाने एकदा ‘चल’ म्हटलं असतं तर ती अनवाणी निघाली असती. आणि बाप कुठला म्हणतोय. मी दादाला ते वळ सांगितले तेव्हा तो कोरीवरून हातही न काढता म्हणाला, ‘ती कठडा म्हणतेय ना? मग तू कशाला वकिली करतेस? तुला तो पहिल्यापासून आवडत नाही.’ खरं होतं, आवडत नव्हता. इतके स्वच्छ पाय पुसणारा माणूस मला कधीच आवडलेला नाही. पण माझ्या तोंडाळपणाचा असा तोटा आहे. मी आयुष्यभर सगळ्यांबद्दल वाईटच बोलले, आता खरोखरीचं वाईट बोलायची वेळ आली तर ते कुणाला वेगळं ऐकू येत नाही.

त्यानंतर एका सकाळी जावई दुकानात आला. दुकानात दोघं-तिघं होती. त्याने काखेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढलं आणि हलकेच टेबलावर ठेवलं.

‘बाबा, मोडली.’

दादाचा चेहरा पडला. गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. दादाने निवडलेली कोरी मोडते, तीही जावयाच्या हातात, तीही चार लोकांसमोर. दुसऱ्या कुणी आणली असती तर त्याने तिथल्या तिथे पुडकं सोडून तुकडे दिव्याखाली धरले असते. जावयासमोर त्याला ते प्रशस्त वाटलं नाही. जावयाचे तुकडे तपासायचे म्हणजे जावयावर अविश्वास दाखवायचा. त्याने पुडकं तसंच उचलून मागच्या फळीवर टाकलं.

‘कशी मोडली?’

‘ओढताना,’ जावई म्हणाला. ‘तुमची चूक नाही, बाबा. माझ्याच हातात दोष असेल.’

हे ऐकून दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘दोष बिष काही नाही,’ तो म्हणाला. ‘कोरीतच खोट असणार. माझ्या नजरेतून सुटली. बसा. आता अशी देतो की नातवंडं वापरतील.’

‘मोडणार नाही अशी द्या,’ जावई म्हणाला.

गिऱ्हाइकांना दादाने अक्षरशः वाटेला लावलं. मग त्याने बाह्या वर केल्या आणि भिंतीवरच्या खुंट्यांवरून एकेक कोरी उतरवायला लागला. मी माझ्या टेबलाशी दोरा गुंडाळत होते. मान खाली, कान तिकडे.

‘उभे कुठे राहता? काठावर की बोटीत?’ हा दादाचा ठरलेला प्रश्न.

जावयाने जरा विचार केला. ‘जागा कमी असते,’ तो म्हणाला.

‘म्हणजे बोट. मग लांब कोरीचा उपयोग नाही, आखूड पाहिजे. मी तुम्हाला लांब दिली होती, तिथेच चुकलं. मासा केवढा असतो?’

‘मोठा नाही.’ तो हसला. ‘पण धडपड फार करतो.’

दादाही हसला. त्याने एक काळी कोरी पुढे केली. जावयाने ती दोन हातांत घेऊन वाकवली, परत दिली. फार हलकी वाटते म्हणाला. दादाने दुसरी दिली. तीही त्याला हलकी वाटली.

‘कार्बन हलकाच असतो,’ दादा म्हणाला. ‘मासा ओढायला त्याच्यासारखं काही नाही. पण दगडावर आपटला, कडेवर लागला, की तडकतो. नाजूक प्रकरण. तुम्हाला ते नको.’ तो खाली वाकला आणि सगळ्यात खालच्या खुंटीवरून, जिथे खास कुणी मागत नाही तो माल असतो तिथून, एक पिवळट, आखूड, जाडजूड कोरी ओढून काढली. फडक्याने पुसली. ‘ही काचेच्या धाग्यांची. वजनाला जड, स्वभावाने आळशी. शौकीन लोक हिच्याकडे बघत नाहीत. पण ही मार खाते. दगडावर आपटा, गाडीखाली घाला, हिला काही होत नाही.’

‘मार खाते,’ जावई म्हणाला.

दादाने नळीतून पाहिलं. उतार बोटांनी चाचपला. बुंधा टेकवून, दाबून, फिरवून कणा शोधला. ‘बसली,’ तो हळूच म्हणाला आणि खडूने त्या अंगाला रेघ मारली. इतकं मन लावून त्याने क्वचितच कुणासाठी निवडली असेल. लाज धुऊन काढायची होती ना.

जावयाने कोरी उजव्या हातात घेतली आणि हवेत एकदा सपकन फिरवली. माझ्या हातातला दोरा तुटला. माझा दोरा तुटत नाही.

‘सॉरी हं, आत्या,’ तो म्हणाला.

‘भिंगरी कशी आहे?’ मी विचारलं.

‘मजेत.’

‘येत नाही ती.’

‘घरात कामं असतात. आणि हल्ली जरा विसरभोळी झालीय, एकेक गोष्ट दहादा समजवावी लागते.’ मग दादाकडे वळून, ‘हातात बसते, बाबा. अगदी हवी तशी.’

दादाने ती स्वतः कागदात गुंडाळून दिली आणि दारापर्यंत पोचवायला गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा जरा उजळला होता. माझा तुटलेला दोरा त्याला दिसला. ‘म्हातारी झालीस,’ तो म्हणाला. मी काही बोलले नाही, आणि ते त्याला विचित्र वाटलं असणार, कारण तो माझ्याकडे दोनदा वळून बघून गेला.

जेवणं झाल्यावर दुकानात सामसूम होती. तेव्हा त्याने मागच्या फळीवरचं पुडकं काढलं. आपली चूक कुठे झाली हे कळल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. दोन्ही तुकडे दिव्याखाली धरून तो बराच वेळ बघत होता. मग त्याने भिंग काढलं. मग नखाने काहीतरी खरवडलं. मग खुर्ची मागे सरकवून मोठ्याने म्हणाला, ‘कोरीत खोट नव्हती.’

‘मग?’

‘ही वाकून मोडलेलीच नाही. वाकून मोडली की एका अंगाचे धागे ताणून तुटतात, लांब फाटे निघतात. हे बघ. नळी चपटी झालीय. दोन्ही अंगांना उभी चीर. आणि खालच्या अंगाला दगडाची कच रुतलीय. पायरीच्या कडेवर आडवी ठेवून कुणीतरी हिच्यावर टाच देऊन उभं राहिलंय. एकदा नाही, दोनतीनदा.’ तो केवढा खूश होता. ‘मी म्हणत होतो ना, माझी कोरी माशाने मोडायची नाही.’

‘मग ओढताना मोडली असं का म्हणाला तो?’

दादाचा आनंद तिथेच थांबला. ‘त्याचं त्याला माहीत. पाय पडला असेल, लाज वाटली असेल.’

‘दोनतीनदा पाय पडला?’

मी उठून त्याच्याजवळ गेले. बुंध्याकडचा तुकडा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. त्याला वीतभर कापडी पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. पट्टी हाताच्या घामाने काळी पडली होती, बोटांच्या जागी झिजली होती. बाकी नळीवर काहीही नव्हतं. दोऱ्याचा माग नाही, गोंदाचा डाग नाही, वार्निशचा थेंब नाही.

‘दादा, कड्या कुठायत?’

‘काय?’

‘लग्नाला वर्ष होऊन गेलं. काठी बनवतो म्हणून घेऊन गेला. मूठ बांधलीय, कड्या एकही नाही. तंगूस कशातून ओवत होता? मासा कशाने ओढत होता?’

दादाने तुकडा माझ्या हातातून घेतला, फिरवून फिरवून पाहिला. उत्तर त्याच्या तोंडावर होतं, पण ते त्याच्याच्याने बाहेर काढवेना. माझ्या अंगात अशी तिडीक गेली की मी दुसरा, शेंड्याकडचा तुकडा उचलला, बाही वर केली आणि माझ्या डाव्या हातावर सगळ्या ताकदीने मारला.

डोळ्यांत पाणी आलं. आम्ही दोघं माझ्या हाताकडे बघत राहिलो. हळूहळू दोन लाल रेषा वर आल्या, मध्ये पांढरी कातडी. शेंड्याच्या बाजूला रेषा जवळ होत्या. दुसऱ्या बाजूला एकमेकींपासून लांब.

‘उतार आहे,’ मी म्हटलं. ‘तिच्या पाठीवर असंच होतं. जिन्याचा कठडा असा शेंड्याकडे बारीक होत जात नाही, दादा.’

त्याने माझ्या हातावरच्या रेषांवरून बोट फिरवलं, कोरीचा उतार बघतो तसं. मग तो उठला. टेबलाचा आधार घेऊन उठला. ‘आज मी त्याला कुठली दिली?’ त्याने विचारलं. त्याला चांगलं माहीत होतं. मला माहीत नाही त्याने मला का विचारलं.

दोन्ही तुकडे काखेत मारून, दुकान उघडं टाकून आम्ही निघालो. रस्ताभर तो माझ्या दोन पावलं पुढे होता. एरवी त्याचे गुडघे दुखतात.

जावयाच्या घराच्या दाराबाहेर दगडाच्या तीन पायऱ्या. मधल्या पायरीची कड एका जागी ताजी फुटलेली होती. दादा तिथे क्षणभर थांबला, तिच्याकडे बघितलं, आणि कडी वाजवली. आतून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग दार उघडलं ते भिंगरीने डाव्या हाताने उघडलं. उजवा हात तिने पोटाशी धरला होता, तान्हं बाळ धरावं तसा. मनगटाच्या वर तो सुजून वाकडा दिसत होता.

‘तो ड्युटीवर गेलाय,’ ती म्हणाली. आम्हाला बघून तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ती फार दमलेली होती.

दाराच्या मागे, कोपऱ्यात, पिवळी कोरी उभी होती. बुंध्याला नवी पट्टी गुंडाळून झाली होती. दादाने खडूने मारलेली रेघ वरच्या अंगाला तशीच होती.

‘बाबा, तुम्ही त्याला नवी दिलीत?’ भिंगरीने विचारलं.

‘मोडली म्हणाला,’ दादा म्हणाला.

‘मी मोडली होती.’

दादाने कोपऱ्यातल्या कोरीकडे पाहिलं.

‘तो नवी आणायला तुमच्याकडेच येणार, हे मला माहीत होतं,’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. ‘दोन्ही तुकडे न्यावे लागतात, हेही मीच त्याला सांगितलं. म्हटलं, तुम्ही तुकडे बघाल. तुम्ही नेहमी बघता ना. बघितलं की तुम्हाला कळेल, आणि तुम्ही याल.’

‘बघितले,’ दादा म्हणाला. ‘उशिरा बघितले.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘तो आधी घरी आला.’

दादाने कोपऱ्यातली कोरी उचलली आणि बाहेर गेला. मधल्या पायरीच्या त्याच फुटक्या कडेवर त्याने ती आडवी ठेवली आणि तिच्यावर टाच देऊन उभा राहिला. कोरी नुसती दबली. त्याने उडी मारली. या वयात, त्या गुडघ्यांनी. कोरीने त्याला उसळून खाली फेकलं, तो हातांवर पडला, उठला, पुन्हा तिच्यावर चढला. समोरच्या घरातून कुणीतरी खिडकी उघडून बघायला लागलं. ती कोरी साधी तडकलीही नाही. मार खाणारी होती, दुसरं काय होणार. दादाच्या तोंडातून असा आवाज येत होता की मी आयुष्यात त्याचा तसा आवाज ऐकलेला नाही, वहिनी गेली तेव्हाही नाही.

‘बाबा, राहू द्या,’ भिंगरी दारातून म्हणाली. ‘नाही मोडायची ती.’

मी तिच्या चपला शोधत होते. दादा कोरी हातात घेऊन वर आला. दोन्ही तळहात खरचटले होते. तो पोरीसमोर उभा राहिला, आणि जे मी इतके दिवस त्याच्या तोंडून ऐकायला आसुसले होते ते म्हणाला.

‘चल.’

तिने चपलांची वाट पाहिली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढला. हाड दोन जागी मोडलं होतं. हात वर करून अंगावरचा मार अडवला की असंच मोडतं, ते म्हणाले, आणि कशाने मारलं म्हणून विचारलं. पोर गप्प बसली. दादा म्हणाला, ‘गळाच्या कोरीने. मी निवडून दिलेल्या.’ डॉक्टरांना वाटलं असेल म्हातारा भ्रमिष्ट आहे. त्यांनी पोलिसांना कळवलं, आणि आम्ही ती सगळी गोष्ट पुन्हा एकदा एका हवालदाराला सांगितली. त्यालाही कोरी म्हणजे काय ते समजावून द्यावं लागलं. दादाने समजावून दिलं. भिंत, उतार, सगळं. आयुष्यभर जे प्रवचन त्याने हौसेने झोडलं, ते तो त्या बाकावर खाली मान घालून एकेक शब्द काढत बोलत होता. वळांचे आणि काठीचे फोटो घेऊन झाल्यावर हवालदार जुने तुकडे घेऊन गेला. पिवळी दादा हातातून सोडेना, म्हणून ती उद्या आणून द्या म्हणाला.

दुकानात आलो तेव्हा दिवे लागले होते. आल्याबरोबर आम्ही शटर अर्धं ओढलं, जावई येईल या धास्तीने. भिंगरी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून दोऱ्याच्या चाकाशी बसली, तिच्या जुन्या जागी. दादाने पिवळी कोरी टेबलाच्या शिकंज्यात आवळली आणि बारीक दातांची करवत काढली.

‘अरे, पोलिसांना द्यायची आहे ती,’ मी म्हटलं.

‘तुकडे देईन,’ तो म्हणाला. ‘दोन्ही मागितले तर सगळे देईन.’

तो बुंध्याकडून कापायला लागला. पातळ पातळ चकत्या, एकामागून एक. काचेची पिवळी धूळ त्याच्या खरचटलेल्या हातांवर बसत होती, ती किती झोंबते मला माहीत आहे. मी त्याला थांबवलं नाही. एक चकती पडली की तो सवयीने ती चिमटीत उचलायचा आणि दिव्यासमोर धरायचा. मला वाटतं, त्याला खोट हवी होती. नळी कुठेतरी पातळ असावी, एखादा बुडबुडा असावा, निदान आपली निवड तरी चुकलेली असावी. तो चकती बघायचा, खाली टाकायचा, पुन्हा करवत चालवायचा.

एक चकती घरंगळत चाकाशी गेली. भिंगरीने ती डाव्या हाताने उचलली. एक डोळा मिटला आणि दिव्याकडे धरून आतून पाहिलं. तिला कुणाला टोचून बोलायचं नव्हतं. तिने ते लहानपणापासून जसं सांगितलं होतं तसंच सांगितलं.

‘भिंत सगळीकडे सारखी आहे, बाबा. चांगली निवडलीत.’

दादाची करवत थांबली. त्याने मान वर केली नाही. थोड्या वेळाने त्याने करवत पुन्हा नळीवर टेकवली. अजून निम्म्याहून जास्त कोरी शिल्लक होती.